साडी बदलून या, म्हणाले

यवतमाळात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत रात्ररात्र अल्बम बनवतो आणि जवळपास प्रत्येक घरून एकच सांगणं येतं: नवरीला जरा उजळ करा. गोरं करणाऱ्या नामांकित क्रीमने २०२० मध्ये आपल्या नावातला 'फेअर' काढला, आमच्या कॉम्प्युटरवरून तो गेला नाही. कापूस वेचून रापलेल्या पोरीचा रंग मी दोन मिनिटांत पुसतो आणि घरचे समाधानाने पैसे मोजतात.

त्याच कॅमेऱ्याने मी याच्या उलटंही काम केलंय. दहा-बारा वर्षांपूर्वी आत्महत्याग्रस्त कुटुंबांवर काहीतरी करायला बाहेरून एक टीव्हीची टीम आली होती. वाटाड्या आणि जादा कॅमेरामन म्हणून मला सोबत नेलं. राळेगाव तालुक्यातल्या एका घरी बाई तयार होऊन बसली होती. पिवळी साडी, तेल लावून घट्ट घातलेली वेणी, कपाळावर बारीक काळी टिकली. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवलेलं. टीमच्या साहेबांनी तिला पाहिलं आणि मला म्हणाले, साडी बदलून यायला सांगा, टिकलीही नको. मी सांगितलं. ती आत जाऊन विटकी साडी नेसून आली, नवऱ्याचा फोटो हातात धरून उंबऱ्यावर बसली. तो फोटोही पासपोर्ट साइज फोटोवरून मोठा केलेला, माझ्यासारख्याच कुणाच्या तरी स्टुडिओत. मग तिने मला हळूच विचारलं, "थोडं हासलं तं चालते का जी, भाऊ?"

मी उत्तर दिलं नाही. फोकस लावत राहिलो.

सरकारच्या १ लाखाच्या मदतीसाठी, ३० हजार हातात आणि ७० हजार बँकेत, अशा घरांना आधी 'पात्र' ठरावं लागतं. आमच्या कॅमेऱ्यापुढे दुःखातही तिला पात्र ठरावं लागलं.

जुलै २००८ मध्ये राहुल गांधींनी लोकसभेत मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या शेतकरी विधवा कलावतीबाईंचं नाव घेतलं आणि आमच्या जिल्ह्याला एक प्रसिद्ध चेहरा मिळाला. चेहरा लक्षात राहिला. कापसाचा भाव नाही. ११ जानेवारी २०१९ ला इथे भरलेल्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन लेखिका नयनतारा सहगल करणार होत्या. त्यांचं निमंत्रण रद्द झालं आणि कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना बोलावलं गेलं. निषेध म्हणून काही बायका सहगलांचे मुखवटे घालून मंडपात आल्या होत्या. एकीचे विचार नको झाले म्हणून दुसरीचा चेहरा पुढे केला, असं माझं तेव्हाही मत होतं. पण वैशालीताईंनी नुसता चेहरा दिला नाही, खणखणीत भाषण दिलं. संकटात दिल्लीची नव्हे, गल्लीचीच बाई कामी येते, असं त्यांनी भर मंडपात सांगितलं. आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांच्या 'तेरवं' नाटकात त्यांनी काम केलं आहे. तरी बहुतेकांच्या तोंडी त्यांची ओळख एकच: शेतकऱ्याची विधवा.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. गावं ही रीत सोडू पाहतात आणि शहरातून आलेला कॅमेरा बाईला टिकली काढ म्हणतो. जी नजर नवरीला आहे त्याहून गोरी मागते, तीच विधवेला आहे त्याहून दीनवाणी मागते. दोन्हींचे पैसे मी घेतले आहेत, म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

माझ्या धंद्यातल्या भावांना, वार्ताहरांना आणि वर्गणी काढून मदत द्यायला येणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे: अशा घरी जाल तेव्हा बाई जी साडी नेसून बसली असेल, तीच राहू द्या. आणि तिने हसू का विचारलं, तर हो म्हणा.