हजरत यूसुफ यांचे भाऊ वाईट होते का?

रात्री झोपताना मुलांना गोष्ट सांगायची आमच्या घरची पद्धत आहे. गेल्या महिन्यात हजरत यूसुफ (अलै.) यांची हकिकत चालू होती. भावांनी त्यांना विहिरीत टाकले, इथपर्यंत आले आणि सवयीने विचारले, "मग सांगा, भाऊ कसे होते?" धाकटी लगेच म्हणाली, "वाईट!" आठ वर्षांचा मोठा मात्र गप्प. थोड्या वेळाने म्हणाला, "अम्मी, त्यांना वाटायचं ना, अब्बांना यूसुफच जास्त आवडतात? मग वाईट वाटणारच."

पैगंबरांच्या गोष्टीत असे बोलतात का, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते गिळले. कारण भावांची ही तक्रार कुरआननेच आपल्यासमोर ठेवली आहे. आणि धाकटी झाल्यापासून "तू आता मोठा झालास" हे हा मुलगा रोज ऐकतो. तो फक्त गोष्टीतल्या भावांविषयी बोलत नव्हता.

मी म्हटले, "वाईट वाटणं हा गुन्हा नाही. पण वाईट वाटल्यावर त्यांनी काय केलं?" तो बोटांवर मोजू लागला: भावाला विहिरीत टाकले, सदऱ्याला खोटे रक्त लावले, अब्बांशी खोटे बोलले. "त्याऐवजी काय करता आलं असतं?" "अब्बांना सांगता आलं असतं." हसद म्हणजे काय, हे मला वेगळे शिकवावे लागले नाही.

इतर अनेक पैगंबरांच्या हकिकती कुरआनमध्ये ठिकठिकाणी येतात. ही मात्र १२व्या सूरहमध्ये, १११ आयतींत, सलग येते. त्यामुळे माणसे वर्षानुवर्षे कशी बदलतात, हे मुलाला दिसते. याच भावांपैकी एक जण म्हणतो, यूसुफला मारू नका. पुढे इजिप्तमध्ये धाकटा भाऊ अडकतो, तेव्हा त्यांच्यातला मोठा वडिलांना दिलेल्या वचनाची आठवण काढतो आणि घरी परतायला नकार देतो. शेवटी सगळे चूक कबूल करतात आणि आमच्यासाठी माफी मागा, अशी वडिलांना विनंती करतात. पहिल्याच रात्री त्यांच्यावर 'वाईट' हा शिक्का मारला, तर तौबेला जागा कुठे उरते? आणि असा शिक्का मारायची सवय गोष्टीपुरती राहत नाही. 'हट्टी', 'रडका', 'आळशी' हे शब्द आपण घरातही किती सहज वापरतो!

शेवटच्या रात्री एक प्रश्न विचारला. सगळे कुटुंब एकत्र आल्यावर हजरत यूसुफ (अलै.) अल्लाहचे उपकार आठवतात, तुरुंगातून सुटल्याचे सांगतात. विहिरीचे नावही काढत नाहीत. का बरे? मोठा म्हणाला, "भाऊ समोरच होते. त्यांना लाज वाटली असती." अनेक मुफस्सिरांनीही हेच लिहिले आहे.

तेव्हा गोष्ट सांगताना "तो कसा होता?" हा प्रश्न शेवटी ठेवा. आधी विचारा: त्याने काय केले? त्याच्या मनात काय असेल? दुसरे काय करता आले असते? उत्तर चुकले तरी लगेच दुरुस्त करू नका. त्या उत्तरात तुमचे मूल बोलत असते.

मला हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस आठवली. त्यांच्या वडिलांनी त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करायला गेले. प्रेषितांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? उत्तर 'नाही' आले, तेव्हा साक्ष द्यायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितले.

दिवा मालवल्यावर मी मोठ्याला विचारले, "तुला काही सांगायचं आहे का?" तो म्हणाला, "शाळेत सोडायला कधीतरी तू ये ना. रोज तिलाच घेऊन बसतेस."

आता आठवड्यातून दोन दिवस धाकटीला तिचे अब्बा सांभाळतात.