घरचा स्टुडिओ : भांडवल पैशाचे की सवडीचे?

कलेला राजाश्रय लागतो, असे आपण परंपरेने मानत आलो. राजे गेले, संस्थाने विलीन झाली. त्यांच्या जागी ग्रामोफोन कंपन्या आल्या, आकाशवाणी आली, चित्रपट आला. आश्रयदाते बदलले, पण कुणाच्या तरी दाराशी ताटकळत उभे राहण्याची कलावंताची सवय मात्र बदलली नाही. आपल्या महाविद्यालयात उत्तम गाणारी, वाजवणारी, स्वतः चाली बांधणारी मुले-मुली कमी नाहीत. "तुमचे गाणे ध्वनिमुद्रित का करीत नाही?" असे त्यांना विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "स्टुडिओ परवडत नाही." हे उत्तर आज कितपत खरे आहे, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. माझ्या मते ते फारसे खरे राहिलेले नाही. आणि त्याच्या आड आपण जे गमावत आहोत, ते पैशात मोजता येणारे नाही.

थोडा इतिहास पाहू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला. तो काही बांधीव स्टुडिओत नव्हे, तर हॉटेलच्या खोल्यांत तात्पुरती मांडणी करून. म्हणजे आपल्या देशातील ध्वनिमुद्रणाची सुरुवातच मुळी उसन्या खोलीत झाली! परंतु यंत्र कंपनीचे, तबकडी कंपनीची आणि कोणी गावे हे ठरविणारीही कंपनीच. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत, म्हणून तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांत आवळावा लागे. पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि १९८०च्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. भीमगीते, कोळीगीते, भारुडे, गोंधळ ह्यांच्या कॅसेटी जत्रेत आणि एस. टी. स्टँडबाहेर विकल्या जाऊ लागल्या. यंत्र स्वस्त झाले, की ज्यांना आजवर कोणी विचारले नाही त्यांचा आवाज ऐकू येतो, हा ह्या इतिहासाचा धडा आहे. आज यंत्र त्याहूनही स्वस्त झाले आहे. प्रश्न आहे तो आपण त्याचे काय करणार, हा.

"पण घरच्या मुद्रणाला दर्जा कुठला?" असा आक्षेप येतो. त्यास दोन उदाहरणे पुरेत. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंग्स्टीनने १९८२ साली प्रसिद्ध केलेला 'नेब्रास्का' हा गीतसंग्रह त्याने भाड्याच्या घरातील झोपण्याच्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेटयंत्रावर मुद्रित केला होता. पुढे तीच गाणी वाद्यवृंदासह स्टुडिओत करून पाहिली. पण घरच्या फितीतील एकाकीपण त्यांत उतरेना. अखेर ती घरची फीतच प्रसिद्ध झाली. बिली आयलिश ह्या तरुण गायिकेचा पहिला संग्रह २०१९ साली आला. तो तिच्या भावाच्या खोलीत तयार झाला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ह्या दोघांना स्टुडिओ दुर्मिळ नव्हता. त्यांना घरी जी सवड मिळाली, ती घड्याळाकडे पाहत, तासाच्या भाड्याने मिळत नाही.

आता हिशेबाकडे वळू. संगणक घरात किंवा मित्राकडे आहे असे धरले, तर लागते ते इतकेच : दोन मायक्रोफोन जोडता येतील असा एक ऑडिओ इंटरफेस, एक बरा मायक्रोफोन, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एक स्टँड आणि एक वायर. आजच्या बाजारभावाने हे सारे पंधरा ते वीस हजार रुपयांत बसते, आणि सेकंडहँड घेतल्यास त्याहूनही कमीत. 'ऑडॅसिटी'सारखी मुद्रणाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. मोठ्या स्पीकरांचा मोह पहिल्या वर्षी टाळावा. कच्च्या खोलीत तेही खोटेच सांगतात. रक्कम लहान नाही, हे मला मान्य आहे. पण चौघांनी वर्गणी काढली, तर ती एका सहलीच्या खर्चाइतकी उरते.

मात्र खरी गोम यंत्रात नसून खोलीत आहे. उघड्या भिंतींच्या खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून जो झिणझिणता नाद येतो, तोच गाण्याच्या प्रत्येक शब्दामागे लागणार आहे, आणि तो कितीही महागड्या मायक्रोफोनला चुकत नाही. त्यावर उपाय आपल्या आजीने केव्हाच शिवून ठेवला आहे : गोधडी! 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण इथे अगदी शब्दशः लागू पडते. दोन-तीन जाड गोधड्या दोरीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगाव्यात, आणि त्याही गाणाऱ्याच्या पाठीमागे. कारण मायक्रोफोनचे तोंड गाणाऱ्याकडे असते आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सरळ टिपतो. पुस्तकांनी भरलेले कपाट आणि कापसाची गादी हीसुद्धा खोलीला शांत करतात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटविण्याची जी फॅशन आहे, तिचा उपयोग फारसा नाही. आणि एक गैरसमज दूर करावयास हवा : गोधडी काय किंवा बाजारातील फोम काय, ह्यांनी खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो, बाहेरच्या रिक्षाचा आवाज थांबत नाही. तो थांबवायला जाड, वजनदार भिंतच लागते. ती बांधणे आपल्या आवाक्याबाहेरचे असल्याने रात्री अकरानंतरची किंवा पहाटेची वेळ निवडावी, पंखा आणि फ्रीज बंद ठेवावा, हे उत्तम. वेळ निवडण्याची ही मोकळीक भाड्याच्या स्टुडिओत मिळत नाही.

खोलीची मापेही पाहावीत. दहा फूट अंतराच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्‌झचा खर्ज स्वर अडकून फुगतो. लांबी, रुंदी आणि उंची सारखीच असली, तर तिन्ही दिशांनी तोच स्वर फुगतो आणि डग्ग्याचा घुमार बेताल वाटू लागतो. म्हणून चौकोनी खोलीपेक्षा लांबट खोली बरी, आणि बैठक कोपऱ्यात नको तशी अगदी मध्यावरही नको. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत असावा. 'प', 'फ', 'भ' ह्या अक्षरांचा फुत्कार अडविण्यासाठी भरतकामाच्या रिंगेवर पातळ कापड ताणून मध्ये धरले, की काम भागते. कार्डिऑइड जातीच्या मायक्रोफोनला पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून त्याची पाठ खिडकीकडे करावी. आवाजाची पातळी बेताची ठेवावी. कारण हळू मुद्रित झालेले मागाहून वाढविता येते, पण मर्यादेबाहेर जाऊन फाटलेला सूर सांधता येत नाही.

"एवढा खटाटोप कशाला? खिशातल्या मोबाइलवर होत नाही का?" असेही कोणी म्हणेल. होते, आणि काहीच नसण्यापेक्षा ते शतपटीने बरे. उघड्या खोलीतल्या भारी मायक्रोफोनपेक्षा गोधड्यांच्या आडोशातला मोबाइल अनेकदा सरस ठरतो. पण बहुतेक मोबाइल हळू आवाज आपणहून वर उचलतात आणि मोठा आवाज आपणहून खाली दाबतात. गाण्याचा जीव तर नेमका ह्या चढउतारात असतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा स्टुडिओ उभारून आपण काय मुद्रित करणार? तयार ताल-सुरांची पार्श्वफीत लावून गाजलेल्या चित्रपटगीतांची नक्कल करणार असू, तर वीस हजार रुपये वायाच गेले म्हणावयाचे. ती गाणी मूळ गायकांनी अधिक चांगली गाऊन ठेवली आहेत. जे कुठेच मुद्रित नाही, ते आपल्या घरात आणि गावात आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. विजेची गिरणी आली, जाते उंबऱ्याबाहेर गेले, आणि त्याच्याबरोबर ओवीचे निमित्तही गेले. शब्द कागदावर राहतात, पण चाल, दम घेण्याची जागा आणि जात्याची घरघर राहत नाही. त्यासाठी आवाजच हवा. ओवी गाणारी म्हातारी शहरातल्या काचेच्या खोलीत हेडफोन लावून गाणार नाही. ती गाईल स्वतःच्या ओसरीवर, हाताशी काम असताना, ओळखीच्या पोराच्या आग्रहाखातर. मधेच थांबेल, विसरेल, दोन गोष्टी सांगेल आणि मग तिला पुढची ओवी आठवेल. ही सवड कोणता व्यावसायिक स्टुडिओ देणार? कीर्तनकार, वासुदेव, पोतराज, लग्नघरातल्या हळदीची गाणी म्हणणाऱ्या आत्या-मावश्या ह्यांचेही तेच आहे.

हे करताना काही पथ्ये मात्र पाळावीत. ज्याचा आवाज आहे, त्याची परवानगी घेतल्याशिवाय तो चारचौघांत वाजवू नये; गाणे आपल्या यंत्रात आले म्हणून आपल्या मालकीचे होत नाही. प्रत्येक मुद्रणासोबत नाव, गाव, तारीख आणि गाण्याचा प्रसंग लिहून ठेवावा. प्रती निदान तीन कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी.

महाविद्यालयाकडेही एक मागणे आहे. प्रयोगशाळेला उपकरणे लागतात, हे कोणी पटवून द्यावे लागत नाही. कला शाखेलाही उपकरण लागते, हे मात्र अजून पटवावे लागते. ग्रंथालयाने पुस्तकांप्रमाणेच मुद्रणाचा एक संच आठवड्याच्या बोलीवर विद्यार्थ्यांना द्यावा. मराठी विभागाने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी लेखी टिपणांसोबत ध्वनिमुद्रणही स्वीकारावे. जमलेला ठेवा ग्रंथालयातच राहावा. पाच वर्षांत ह्या पंचक्रोशीच्या आवाजांचे एक कपाट भरेल आणि पुढच्या पिढीचे विद्यार्थी ते उघडून ऐकतील.

उन्हाळ्याची सुटी तोंडावर आली आहे. आपल्यापैकी बरेच जण गावी जातील. गोधड्या तिथे आहेत आणि गाणारेही आहेत. ह्यांतील किती जण पुढच्या सुटीपर्यंत गाते राहतील, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून पैसे जमेपर्यंत थांबू नये. हाताशी जे यंत्र आहे ते घेऊन ह्याच सुटीत सुरुवात करावी, एवढेच माझे सांगणे आहे.