मागून घेतलेला राजीनामा

वर्षभरात मनुष्यबळाच्या दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसे कमी करणार, असे टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने (टीसीएस) जुलै २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली माणसे असतील, हेही सांगितले. आकड्यावर महिनाभर चर्चा झाली. आयटीतला माणूस प्रत्यक्षात कमी कसा केला जातो, यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. त्यावर बोलायला हवे, कारण हे एकाच कंपनीपुरते नाही. अनेक कंपन्यांतले लोक वर्षानुवर्षे तीच हकीकत सांगत आले आहेत.

दुपारी कॅलेंडरवर अर्ध्या तासाची मीटिंग येते. खोलीत मॅनेजर असलाच तर गप्प बसलेला असतो. बोलतात ते एचआरवाले. तुमच्यासाठी प्रोजेक्ट नाही. आज पेपर टाकलात तर दोन-तीन महिन्यांचा पगार मिळेल, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही टाकलात तर टर्मिनेशन, आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तेच दिसेल. समोर राजीनाम्याचे पोर्टल उघडेच असते. कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ निवडायचे असते. ठरवायला वेळ संध्याकाळपर्यंतचा. डोक्यात फ्लॅटचा हप्ता असतो, मुलीची फी असते, कंपनीच्या मेडिक्लेमवर चाललेले वडिलांचे डायलिसिस असते. माणूस सबमिट दाबतो. हाच माणूस आपणहून दुसरीकडे निघाला असता, तर त्याला ९० दिवसांचा नोटीस पिरियड पुरा करायला लावला असता.

त्या एका क्लिकने कपात झालीच नाही असे कागदावर ठरते. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा घ्या, नाहीतर नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेली औद्योगिक संबंध संहिता घ्या. तांत्रिक काम करणारा माणूस दोन्हींत ‘कामगार’ आहे. त्याचा पगार किती हा प्रश्नच येत नाही. संहितेतली मासिक १८ हजारांची पगारमर्यादा देखरेखीचे काम करणाऱ्यांसाठी आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘कन्सल्टंट’ किंवा ‘लीड’ छापले म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही. प्रत्यक्षात काम कोणते करतो, हे न्यायालये पाहतात. दिवसभर कोड लिहिणारा, टेस्टिंग करणारा, रात्री प्रॉडक्शन सांभाळणारा माणूस कामगार आहे. वर्षभर सलग नोकरी झालेल्या अशा माणसाची कपात करायची, तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, सरकारला कळवावे लागते. नव्या संहितेने पुनर्कौशल्यासाठी आणखी १५ दिवसांचा पगार सांगितला आहे. शिवाय कपातीत साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो, आणि हा क्रम मोडायचा तर कारण नोंदवावे लागते. पंधरा वर्षे काढलेल्यांना आधी घरी पाठवणाऱ्या कंपन्यांना हीच अट सर्वांत अडचणीची. राजीनामा हातात आला, की यातले काहीच लागू होत नाही. काही कंपन्या कायद्याने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त पैसे देतात, हे खरे आहे. पण ‘मीच का?’ हे विचारण्याचा हक्क त्या पैशांत विकत घेतला जातो.

‘मीच का?’चे उत्तर हल्ली कौशल्ये जुळत नाहीत, असे मिळते. टीसीएसच्या प्रमुखांनीही तेव्हा कारण सांगितले ते एआयचे नव्हे, कौशल्यांचेच. आता ही कौशल्ये घडतात कशी ते पाहू. फ्रेशरला जावा शिकवतात आणि परदेशी बँकेच्या कोबॉलवर बसवतात. तो तिथले रात्रीचे बॅच जॉब सांभाळायला शिकतो, बँकेला त्याचाच भरवसा वाटू लागतो. तिसऱ्या वर्षी तो क्लाउडच्या प्रोजेक्टवर जायला मागतो, तेव्हा मॅनेजर सांगतो की क्लायंट तुला सोडत नाही. पाचव्या, आठव्या वर्षीही तेच. त्याच्या नावाने दरमहा बिल जात असते, म्हणून तो कंपनीला तिथेच हवा असतो. प्रोजेक्ट अलोकेशन कंपनीच्या हातात, रिलीज कंपनीच्या हातात, आणि बाराव्या वर्षी बँकेने ती यंत्रणा मोडीत काढली की जुनाट कौशल्याचा दोष मात्र त्याचा एकट्याचा. त्याच टीसीएसने जून २०२५ पासून वर्षात २२५ दिवस बिलेबल, म्हणजे क्लायंटला बिल लावता येईल अशा कामावर, असलेच पाहिजे आणि बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, ३५ दिवसांपेक्षा जास्त बसता येणार नाही, असा नियम केला. पूर्वी दोन प्रोजेक्टांमधला जो काळ नवे शिकायला मिळायचा, तोही त्यानंतर धास्तीत जाऊ लागला. हे अन्यायाचे आहे, आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

दुसऱ्या टोकाला फ्रेशरचा पगार आहे. मोठ्या सेवा कंपन्यांत तो दशकभर वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंटचे बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांसाठीचे २.५२ लाखांचे पॅकेज गाजले होते. लातूर-जळगावहून कर्ज काढून शिकलेली मुले या पगारावर पुण्यात वाकडला तिघांत एक फ्लॅट घेऊन राहतात, ती पुढे पगार वाढेल या एका भरवशावर. वाढलेला पगार हेच काढण्याचे कारण ठरणार असेल, तर त्यांनी भरवसा ठेवायचा कशावर?

पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने टीसीएसमधल्या सक्तीच्या राजीनाम्यांची तक्रार केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेली. कंपनीने आरोप फेटाळले. खरे-खोटे शोधायचे काम सरकारचे आहे आणि ते फार अवघडही नाही. कपात जाहीर झाल्यानंतरच्या तिमाहीत किती राजीनामे आले, त्यांतले किती एकाच दिवशी मीटिंगनंतर दोन तासांच्या आत पोर्टलवर भरले गेले, हे कंपनीच्याच सर्व्हरवर असते. कामगार आयुक्तांनी ते मागवावे. राजीनामा दिल्यावर सात दिवसांत तो विनाअट मागे घेता येईल, अशी तरतूद राज्याने आपल्या नियमांत आणावी. कोणी खरोखरच मनाने निघाला असेल, तर त्याचे त्याने काही बिघडत नाही.

ज्यांना आज-उद्या त्या खोलीत बोलावले जाईल, त्यांनी तिथे काही भरू नये. जे सांगायचे ते ई-मेलवर लेखी द्या, एवढेच म्हणावे. त्याच दिवशी आपली नेमणूक-पत्रे, पगाराच्या स्लिपा आणि अप्रेझलची पत्रे घरच्या मेलवर नसतील तर रीतसर मागावीत. क्लायंटचा एकही कागद किंवा कोड सोबत घेऊ नये, कारण तेवढेच निमित्त पुरते. आणि ज्यांनी आधीच सबमिट दाबले आहे, त्यांनी दबावाचे मेसेज, मीटिंगचे निमंत्रण, तारखा जपून ठेवून कामगार कार्यालयात जावे. नोकरीवरून काढल्याचा वाद नेण्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. संहितेने ती दोन वर्षांवर आणली आहे.