वायूचे मोजमाप कोणासाठी?

इस्लापूर-किनवटच्या डोंगराळ मुलखात तेलाची विहीर नाही. म्हणून तेलविहिरींवरील विषारी वायूंचा प्रश्न मुंबईच्या समुद्रापुरता आहे, असे समजून येथील कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. कोरडवाहू शेती ज्यांना पोसू शकत नाही, ते मराठवाड्यातील तरुण कंत्राटदारामागे मिळेल त्या कामावर जातात. तेथील हवेत काय आहे, हे त्यांना क्वचितच सांगितले जाते.

१९७४ साली मुंबई हायमध्ये तेल सापडले. पुढे वसईच्या समुद्रक्षेत्रातून मिळालेला नैसर्गिक वायू गंधकयुक्त निघाला. त्यातील हायड्रोजन सल्फाइड हजिरा येथे वेगळा काढावा लागतो. हा वायू मोठा फसवा आहे. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांची दुर्गंधी येते. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले, की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला, असे मानणारा कामगार तेथेच कोसळतो. हवेपेक्षा जड असल्याने तो खोलगट जागी साचून राहतो. म्हणूनच विहिरीच्या तोंडाशी व वर येणारा गाळ साठविणाऱ्या टाक्यांपाशी अखंड मोजणारी यंत्रे हवीत, आणि प्रत्येक कामगाराच्या अंगावर मापकही हवे.

परंतु नुसत्या यंत्राने प्राण वाचत नाहीत. चीनमध्ये चोंगछिंगनजीक २३ डिसेंबर २००३ रोजी वायूविहीर उसळली आणि २४३ माणसे मेली. त्यांतील बहुसंख्य आसपासचे ग्रामस्थ होते. बाहेर पडणारा विषारी वायू वेळीच पेटवून देण्याचा निर्णय झाला नाही, हे त्या संहाराचे एक प्रमुख कारण ठरले. धोका कळणे आणि काम थांबविण्याचा अधिकार असणे, या दोन गोष्टी एकत्र असाव्या लागतात.

भोपाळच्या १९८४ च्या हत्याकांडानंतर, १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याची माहिती मिळण्याचा व आसन्न संकटाचा इशारा देण्याचा कामगारांचा हक्क तीत मान्य झाला. आठ तासांच्या पाळीसाठी या वायूची सरासरी मर्यादा दहा लाखांत १० भाग ठरली. तेलखाणींसाठीही १९८४ व २०१७ साली स्वतंत्र विनियम आले. तथापि कागदावरचा हक्क कंत्राटी मजुराच्या हाती आपोआप पडत नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मैलाटाकी साफ करताना पाच कामगार प्राणास मुकले. उतरण्यापूर्वी हवा तपासणे, ही तेलविहिरीइतकीच तेथीलही निकड आहे.

तेलउद्योग सार्वजनिक क्षेत्रात असावा, हा समाजवाद्यांचा आग्रह रास्तच आहे. पण मालकी जनतेची असेल, तर हवेची नोंदही जनतेची असली पाहिजे. कायम व कंत्राटी, दोघांनाही सारखे मापक व मुखवटा मिळावा. दररोजची नोंद कामगारांना समजेल अशा भाषेत फलकावर लागावी आणि शेजारच्या वस्तीसही कळावी. इशारा वाजताच काम सोडणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये. या मागण्या कामगार संघटनांनी कराराच्या पहिल्या कलमात घातल्या पाहिजेत. आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कामावर निघणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या कानी त्या घातल्या पाहिजेत. ज्या मोजमापाची नोंद केवळ व्यवस्थापनाच्या कपाटात राहते, ते कामगाराचे रक्षण करीत नाही.