व्हॅलेंटाईननंतरचे सहा दिवस

रविवारची सकाळ. मिसळीचा कट नुकताच वाढला होता, कोणी पाव मोडत होतं, आणि आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने जाहीर केलं, 'मुंबईसारखा आपल्याकडे पण घरफाळा माफ व्हायला पाहिजे. पाचशे स्क्वेअर फुटांपर्यंत झीरो. विषय संपला!'

साहेबांनी गेल्या वर्षीच फ्लॅट घेतलाय. साडेचारशे फूट, निम्मा पगार ईएमआयला. त्यामुळे भावना समजण्यासारखी होती. टेबलावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तेवढी गप्प.

'तुला काय त्याचं? तू तर भाड्यानं राहतेस!'

अगदी बरोबर. मी भाड्यानं राहते, राजारामपुरीत. म्हणूनच डोक्यात किडा वळवळायला लागला. ह्याचा घरफाळा माफ झाला तर ते पैसे भरणार कोण?

आधी मुंबईचं बघू. (बाहेरगावच्यांसाठी : आम्ही ज्याला घरफाळा म्हणतो तो मुंबईकरांचा मालमत्ता कर आणि पुणेकरांचा मिळकतकर.) २०१७ च्या निवडणुकीत तिथे पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं वचन दिलं गेलं. २०१९ मध्ये त्यातला फक्त सर्वसाधारण कर माफ झाला. मग १ जानेवारी २०२२ ला पूर्ण माफीची घोषणा झाली. सोळा लाखांहून जास्त घरांना फायदा. पण मुंबई महापालिकेच्या नुसत्या ठेवीच हजारो कोटींच्या आहेत, बॉस! तिची बरोबरी आपण करायची म्हणजे अंथरूण न पाहता पाय पसरायचे.

त्याच संध्याकाळी योगायोग बघा. घरमालकीणकाकू घरफाळ्याचं बिल घेऊन वर आल्या. 'तेवढं मोबाईलवरून भरून दे गं. काकांना ते ओटीपी-बिटीपी जमत नाही.' बिल होतं तीन हजार सहाशेच्या आसपास. काकूंचा चेहरा असा, की जणू कोणी घरात घुसून कपाट उघडलंय. 'एवढे पैसे घेतात, आणि गल्लीतला खड्डा बघितलास?'

मी ज्या मोबाईलवरून बिल भरलं तो त्याच महिन्यात घेतलेला. किंमत वीस हजार आणि वर १८ टक्के जीएसटी. किती झाले? तीन हजार सहाशे! काकूंचा वर्षाचा घरफाळा मी एका फोनवर भरला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी भांडले नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. उलट बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ मैत्रिणींना पाठवला.

हाच तर सगळा फंडा आहे. बिल हातात आलं की कर टोचतो. किमतीत विरघळला की गोड लागतो.

आता माझ्या त्या छत्तीसशे रुपयांचं काय झालं? अठराशे केंद्राला, अठराशे राज्याला. कोल्हापूरच्या खड्ड्याला थेट एक रुपया नाही. पूर्वी असं नव्हतं. आपल्या आईबाबांच्या काळात माल शहरात येताना नाक्यावर जकात द्यावी लागायची. शिरोली नाका, फुलेवाडी नाका ही नावं अजून आपल्या तोंडात आहेत. ट्रकांच्या रांगा, चिरीमिरी, कटकट सगळं होतं. पण पैसा शहराच्या तिजोरीत पडायचा. २०११ मध्ये कोल्हापुरात जकातीच्या जागी एलबीटी आला. व्यापारी वैतागले. १ ऑगस्ट २०१५ ला ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीने उरलंसुरलंही संपवलं. महापालिकांचं नुकसान राज्य सरकारने भरून द्यायचं असं ठरलं. २०१६-१७ चं उत्पन्न धरून, त्यावर दरवर्षी आठ टक्के वाढ.

वाईट नाही डील. पण हा पॉकेटमनी झाला. पगार नव्हे. आपण सगळे नोकरी करतो, फरक सांगायला नको. पॉकेटमनी वेळेवर आला तर आला, आणि वाढवून मागायचा तर वडिलांचा मूड बघावा लागतो. शहराने स्वतः ठरवायचा आणि स्वतः वसूल करायचा मोठा कर आता एकच उरलाय. तोच घरफाळा. मोठ्या योजनांना केंद्र आणि राज्य हातभार लावतात. पण रोजचा झाडू, गल्लीतला दिवा, तुंबलेलं गटार यांच्या उद्घाटनाला मंत्री येत नाहीत. तो खर्च घरचाच.

अमेरिकेत अशा प्रश्नांवर चक्क मतदान होतं. मिशिगन राज्याने १५ मार्च १९९४ ला लोकांना विचारलं : शाळांसाठी घरांवर लावलेला कर बराच कमी करू, त्या बदल्यात विक्रीकर चार टक्क्यांवरून सहा टक्के करू. चालेल? लोक मोठ्या बहुमताने 'चालेल' म्हणाले. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. 'नाही' म्हटलं असतं तर विक्रीकराऐवजी आयकर जास्त वाढणार होता, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणजे 'कर हवा की नको' हा प्रश्नच नव्हता. 'कुठल्या खिशातून' एवढंच विचारलं होतं. आपल्याकडच्या जाहीरनाम्यात 'माफ' हा शब्द मोठ्या अक्षरात असतो. खिशाचा उल्लेखच नसतो.

आणि खिसे सारखे नसतात. विक्रीवरचा कर सगळ्यांना सारखा. साबण घेताना दुकानदार तुमचं घर किती फुटांचं आहे ते विचारत नाही. स्वतःचं घर नसलेला माणूसही तो भरतो. घरफाळा निदान ज्याच्याकडे मिळकत आहे त्याच्याकडून घेतला जातो. तोही शेवटी भाड्यात मिसळतोच म्हणा. काकूंनी बिल भरून झाल्यावर जिन्यातूनच सांगितलं, 'पुढच्या वर्षी भाडं थोडं बघायला लागतंय हं!'

म्हणजे माझं मत माफीच्या विरोधात? थांबा, तेही इतकं सोपं नाही. काकांची पेन्शन मी बघितली आहे. औषधं वजा जाता त्यांना छत्तीसशे रुपये खरंच टोचतात. पण गंमत अशी की पाचशे फुटांच्या नियमात त्यांना काहीच मिळणार नाही. घर वडिलोपार्जित, फूट जास्त, उत्पन्न कमी. पेठांमध्ये अशी कितीतरी घरं सापडतील. वर कौलं गळतात आणि आत दोन म्हातारी माणसं. उलट पुण्यात बसून इथे गुंतवणूक म्हणून साडेचारशे फुटांचे तीन फ्लॅट घेतलेल्याला तिन्हींवर माफी! टेपने फूट मोजता येतात, अडचण नाही मोजता येत.

म्हणून आमच्या टेबलावर मतदान झालं असतं तर माझी चिठ्ठी अशी : सरसकट माफीला नाही. स्वतः राहत असलेल्या एका घराला, कमी उत्पन्नाच्या आणि म्हाताऱ्या मालकांना सवलत, एकदम हो. आणि तो खड्डा भरायला ज्या मिळकतींची नोंदच नाही किंवा वापर बदलूनही जुनाच कर चालू आहे, त्या आधी शोधा.

मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, 'आपलं कोण ऐकतंय? रस्त्यावर उतरल्याशिवाय काही होत नाही इथं. टोल आठवतो ना?'

आठवतो की! एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती, अख्खं शहर मागे. २०१४ च्या जानेवारीत टोलनाके पेटले आणि २०१५ संपता संपता टोल गेला. अभिमान आहेच. पण कंपनीचे पैसे शेवटी सरकारी तिजोरीतून भागवले गेले. म्हणजे पुन्हा तो न टोचणारा खिसा. आपलाच.

आणि ऐकायची एक जागा आहे, फक्त ती आपल्या कॅलेंडरवर नाही. कायद्याप्रमाणे महापालिकेला पुढच्या वर्षीच्या करांचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. हे काम सभागृहाचं, म्हणजे आपण निवडून दिलेल्या नगरसेवकांचं. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकच सगळं ठरवत होते. आपल्यापैकी किती जणांना त्याने फरक पडला, खरं सांगा? जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं, शाई लावलेल्या बोटाचे सेल्फी काढले. खरा हिशेब मात्र फेब्रुवारीत असतो.

१४ फेब्रुवारी आपल्याला पाठ आहे. गुलाब, टेबल बुकिंग, सगळं आठवडाभर आधी. त्यानंतर फक्त सहा दिवस. मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. छत्तीसशे रुपये कर भरून घेतलेला फोन आहे, एवढं तरी काम करू दे त्याला!