बुडबुड्यांची खतावणी

आमचा पुतण्या कार्टूनला आवाज देतो. कार्टून म्हटलेलं त्याला खपत नाही. ‘काका, ॲनिमेशन म्हणा!’ परवा तो सांगत आला, की आता आवाज मुद्रित करायलाच नको. संगणक तो गणितानं काढतो. पाण्याचा खळखळाट म्हणे पाण्याचा नसतोच, त्यात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. बुडबुडा लहान तर सूर उंच, मोठा तर खालचा. २००९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दोघांनी एकेका बुडबुड्याचा हिशेब मांडून चित्रातल्या पाण्याला आवाज दिला. काही सेकंदांच्या खळखळाटाला संगणक तासन्‌तास राबला!

मी बी.कॉम. माणूस, बँकेत वीस वर्षं बेरजा जुळवतोय. हिशेबाचं मला वावडं नाही. पण बादलीत तांब्याभर पाणी ओतून जे होतं, त्यासाठी बुडबुड्यांची खतावणी?

‘पण काका, तो अचूक असतो.’

भांडण इथंच आहे. अचूक कशाशी? १९२८च्या ‘स्टीमबोट विली’त मिकी माऊस गाईच्या दातांवर गाणं वाजवतो. त्या दातांची घनता कुठल्या तक्त्यात बघायची? आपले कान तर पहिल्यापासून थापांवर पोसलेले. घोड्याच्या टापा म्हणजे नारळाच्या करवंट्या. बर्फावरची पावलं म्हणजे पिशवीत दाबलेलं कॉर्नफ्लोअर. २००८च्या ‘वॉल-ई’त बेन बर्टनं त्या यंत्रबाळाच्या चालण्याला हातानं फिरवायच्या जनित्राची घरघर दिली, आणि आम्ही त्या पत्र्यासाठी डोळे पुसले.

एक कबूल करतो. गोलघुमटासारख्या वास्तूत फुगा फोडायचा, घुमणारा नाद टिपायचा आणि मग घरातली शिंकसुद्धा गणितानं त्या घुमटात नेऊन सोडायची, ही युक्ती झकास. खोली संगणकानं खुशाल बांधावी. पण खोलीत जे आपटायचं, ते माणसाच्या हातानं आपटू दे.

पुतण्यानं लॅपटॉपवर स्टीलचं ताट पाडून दाखवलं. निव्वळ गणित! आतून सौ. ओरडली, ‘काय पाडलंत?’ पुतण्या विजयी मुद्रेनं हसला. मी गप्प.

रात्री जेवायला बसलो. सांगितलेली कोथिंबीर मी विसरलो होतो. ताट रोजचंच, टेबल रोजचंच. सौ.नं ते माझ्यापुढे ठेवलं. पुतण्या दचकून माझ्याकडे बघायला लागला.

‘काढ,’ मी हळूच म्हणालो, ‘काढ आता गणितानं!’

‘त्यात काय, फोर्स वाढवायचा.’

‘किती?’

तो सौ.कडे बघत राहिला.