अर्जात शब्द हवेत, हातात दाखला हवा



जबलपूरच्या एका रनिंग रूममध्ये कंत्राटदाराकडे नऊ वर्षे राबलेल्या एक भगिनी मध्यंतरी आमच्याकडे आल्या. हॉटेलातल्या हाउसकीपिंग सुपरवायझरच्या जागेसाठी केलेला त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता. अर्जात कामाचे नाव एकच: 'सफाई'.

सफाई? आठ माणसांची ड्युटी लावणे, चादरी मोजून धोब्याला देणे-घेणे, फिनेल-साबणाचा साठा राखणे, खोल्या तपासणे, हे कोण करीत होते? जाहिरातीत हीच कामे 'स्टाफ ड्युटी', 'लिनन', 'स्टॉक', 'इन्स्पेक्शन' या नावांनी मागितलेली असतात. केलेल्या कामाला जाहिरातीतलाच शब्द वापरा. त्यात लबाडी नाही. न केलेले काम लिहिणे ही लबाडी!

पण नुसत्या शब्दांना कोण विचारतो? पुरावा लागतो, आणि तो कंत्राटदार दाबून बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५६ प्रमाणे कामगाराने मागितल्यास कंत्राटदाराने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला दिलाच पाहिजे. मात्र १९७० च्या कायद्यातली २० कामगारांची मर्यादा या संहितेने ५० वर नेली. लहान कंत्राटदार मोकळे सुटले! याला आमचा विरोध आहे व राहील.

तोवर हक्क आहे तेथे दाखला मागा, लेखी मागा, पोच घ्या. रेल्वे-टपालातील कायम बांधवांनो, आपल्या ऑफिसात झाडू मारणाऱ्याचा अर्ज लिहून देणे हेही युनियनचेच काम आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!